भुईमुगाच्या शेतातून उभी राहिलेली गावे : सेनेगलमधील मुरीद पंथाच्या स्वावलंबनाचा हिशोब

बांधावरून

स्वावलंबी धार्मिक वसाहतींविषयी बोलताना आपण त्यांच्या श्रद्धेविषयी भरभरून बोलतो आणि जमाखर्चाविषयी बोलायचे राहून जाते. या धाग्यात मला सेनेगलमधील मुरीद पंथाच्या शेतगावांचा जमाखर्च मांडायचा आहे. शेती, शिक्षण आणि आरोग्य या तिन्ही गोष्टी एकाच समाजाने स्वतःच्या बळावर चालवण्याचा इतका दीर्घ आणि इतका मोठा प्रयत्न माझ्या वाचनात दुसरा आलेला नाही.

शेख अमादू बाम्बा यांचा जन्म 1853 च्या सुमाराचा. 1880 च्या दशकात त्यांनी या सूफी पंथाची स्थापना केली आणि 1887 मध्ये राजधानी डाकारपासून पूर्वेला सुमारे 200 किलोमीटरवर, वाळूसर आणि पाण्याची वानवा असलेल्या रानात तूबा वसवले. आज तूबा हे लोकसंख्येने सेनेगलमधले दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. पंथ उभा राहत होता तो काळ मोडतोडीचा होता. तिथल्या वोलोफ समाजाची राज्ये फ्रेंच सत्तेपुढे एकेक करून कोसळत होती आणि काजोरचा लढवय्या राजा लात जोर 1886 मध्ये रणांगणावर मारला गेला होता. राजांच्या आश्रयाने जगणारे सैनिक, गुलामीतून सुटलेली माणसे आणि उपजीविका तुटलेले कारागीर यांना आधाराची गरज होती, आणि त्यांतले पुष्कळ जण बाम्बांकडे आले. एवढी माणसे एका माणसाभोवती गोळा होत आहेत याचीच फ्रेंचांना धास्ती वाटली. बाम्बांनी शस्त्र उचलले नव्हते, तरीही 1895 मध्ये त्यांना गॅबनला हद्दपार करण्यात आले. 1902 मध्ये ते परतले. 1903 ते 1907 हा काळ त्यांना मॉरिटानियात काढावा लागला आणि पुढे 1927 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सेनेगलमध्येच, पण सरकारी पाळतीखाली राहिले.

पंथाची आर्थिक घडी बसली ती याच काळात. बाम्बांचे शिष्य शेख इब्रा फाल यांनी गुरूसाठी केलेल्या अंगमेहनतीला साधनेचे स्थान मिळवून दिले आणि तिच्यातून दारा नावाची व्यवस्था फोफावली. एखाद्या शेखाच्या, म्हणजे पंथातल्या धर्मगुरूच्या, आज्ञेने अविवाहित तरुणांची छोटी तुकडी वस्तीपासून दूर, कोणी न कसलेल्या रानात जाई. झुडपे तोडायची, पाण्याची सोय लावायची, पोटापुरती बाजरी पेरायची आणि उरलेल्या सगळ्या जमिनीत भुईमूग घ्यायचा, असा क्रम असे. भुईमुगाचे पैसे शेखाकडे जात. साधारण दहा वर्षे असे राबल्यावर त्या तरुणांना स्वतःची जमीन मिळे, लग्ने होत, आणि जिथे झोपड्या होत्या तिथे गाव उभे राही. गाव झाल्यावरही आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी बुधवार, शेखाच्या शेतावर राबण्यासाठी राखलेला असे. त्या शेताच्या उत्पन्नातून पाहुण्यांचे जेवण, मशिदीचा खर्च, दुष्काळात शिष्यांना द्यायचे धान्य आणि मुलांचे शिक्षण भागत असे. याच पैशाने आणि याच हातांनी उभारलेली तूबाची मोठी मशीद 1963 मध्ये पूर्ण झाली.

यावरून ही गावे जगापासून अलिप्त होती असे समजण्याचे कारण नाही. भुईमूग फ्रान्सच्या तेल गिरण्यांसाठी पिकत होता. डाकार ते सेंट लुई हा लोहमार्ग 1885 मध्येच सुरू झाला होता आणि जूरबेलहून तूबापर्यंतचा फाटा 1931 मध्ये आला. पुढच्या पेरणीचे बी घरात उरत नसे, तेव्हा ते सरकारी संस्थांकडून उसने घ्यायचे आणि सुगीला वाढीने परत करायचे. म्हणजे अन्नाच्या बाबतीत हा समाज बव्हंशी स्वतःच्या पायावर उभा होता, पण रोख पैशाच्या बाबतीत त्याची दोरी बाजारभावाच्या हातात होती.

माझा मुद्दा यापुढचा आहे. शेतीने मशीद उभी केली आणि काही प्रमाणात शाळाही उभी केली. दवाखाना मात्र शेतीने उभा राहिला नाही. तूबातले मतलाबुल फौझैनी रुग्णालय उभे राहिले ते परदेशी कामाला गेलेल्या मुरीदांनी महिन्यामहिन्याला पाठवलेल्या वर्गणीतून, आणि तेही पंथाच्या स्थापनेला शंभर वर्षे उलटून गेल्यावर. शेतीच्या उत्पन्नातून आरोग्याची सोय का होऊ शकली नाही, हा माझ्या मते स्वावलंबी वसाहतीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने सोडवायचा प्रश्न आहे. जाणकारांनी यावर लिहावे.

मृदगंध

फार चांगला विषय आणि मांडणीही नेटकी. आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग जमिनीत आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

भुईमूग हे शेंगवर्गीय पीक आहे आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्यामुळे भुईमुगाने जमीन सुधारते असा सरसकट समज होतो. पण काढणी कशी होते ते पाहा. वेल मुळासकट उपटला जातो, शेंगा झोडून घेतात आणि पाला गुरांसाठी विकला जातो किंवा साठवला जातो. मुळे गेली, पाला गेला, शेंगा तर गेल्याच. बाजरीचे धसकट निदान जमिनीत राहते आणि वाळू धरून ठेवते. भुईमुगाच्या शेतात काढणीनंतर उघडी, भुसभुशीत वाळू उरते. त्यानंतर आठ महिने पाऊस नाही आणि वर वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा. वरचा सुपीक थर त्या वाऱ्याबरोबर निघून जातो.

याच देशात सेरेर नावाचा शेतकरी समाज आहे आणि त्यांची पद्धत याच्या नेमकी उलट होती. ते गुरे शेतातच बांधत, जमीन आळीपाळीने पडीक ठेवत आणि बाभळीच्या जातीतले काद नावाचे झाड शेतात जाणीवपूर्वक राखत. हे झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवे राहते. त्यामुळे पिकाला त्याची सावली नडत नाही, गळलेल्या पानांचे खत मिळते, आणि चाऱ्याच्या टंचाईच्या दिवसांत गुरांना त्याच्या शेंगा मिळतात. त्याच्या बुंध्याभोवतीची बाजरी इतर बाजरीपेक्षा जोमदार येते, हे शास्त्रज्ञांनीही मोजून पाहिले आहे. मुरीदांच्या नव्या वसाहतींत एवढी उसंत नव्हती. रान मोकळे करायचे, काही वर्षे भरघोस पीक घ्यायचे, जमीन थकली की आणखी पूर्वेला सरकायचे. पूर्वेला रान शिल्लक होते तोपर्यंत ही पद्धत स्वस्त वाटली. 1968 पासून साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ सुरू झाला तेव्हा तिची खरी किंमत कळली.

शेती स्वतःची झीज भरून काढत नसेल तर तिच्याकडे दवाखान्यासाठी शिल्लक कुठून असणार? दरवर्षी जे उत्पन्न दिसत होते त्यातला एक हिस्सा मुळात उत्पन्न नव्हताच, तो जमिनीचे भांडवल होते.

नवा_वाचक

दहा वर्षे राबलेल्या शिष्याला मिळालेली जमीन त्याच्या मालकीची होत असे, की शेख ती परत काढून घेऊ शकत असे? तसेच या सगळ्या वर्णनात स्त्रिया कुठे आहेत, हेही जाणून घ्यायला आवडेल.

बांधावरून

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत.

जमिनीचा ताबा कष्टाने मिळत असे. ज्याने रान तोडले त्याचा त्या जमिनीवर कसण्याचा हक्क, ही त्या भागातली जुनी रीत होती आणि शेखाने वाटून दिलेली जमीन कुटुंबात वारसाने चालत राही. मात्र नवी जमीन कुठे आणि कोणाला हे शेख ठरवत असे, आणि सरकारदरबारी रदबदली करण्याची ताकदही त्याच्याकडेच होती. 1964 च्या कायद्याने बहुतांश ग्रामीण जमीन राष्ट्राच्या ताब्यात गेली आणि जो प्रत्यक्ष कसतो त्याला वापराचा हक्क मिळाला. कागदावर हा कायदा कसणाऱ्याच्या बाजूचा होता, पण व्यवहारात मोठ्या शेखांचे वजन कमी झाले नाही.

स्त्रियांविषयी : सुरुवातीचे श्रमाचे दारा केवळ पुरुषांचे होते. कुटुंबे वसली की पेरणी, निंदणी, शेंगा वेचणे, पाखडणे आणि पाणी भरणे यांचा भार स्त्रियांवर येई, आणि जमिनीच्या वाटपात त्यांचे नाव क्वचितच असे. पंथाच्या स्मृतीत मात्र बाम्बांची आई माम जारा बूसो यांना फार मोठे स्थान आहे. पोरोखान येथे त्यांची कबर असून तिथे दरवर्षी मोठा मेळा भरतो. त्याच गावी त्यांच्या नावाने मुलींसाठी निवासी शिक्षणसंकुल उभे आहे आणि तिथे कुराणपठणाबरोबर हाताला काम देणारी कौशल्येही शिकवली जातात. ही सोय फार उशिरा झाली, हे मी आवर्जून नोंदवतो.

तालीम

मूळ लेखात शिक्षणाचा भाग थोडक्यात आटोपला आहे. त्यावर माझा थोडा आक्षेप आहे.

दारा हा एकच प्रकार नाही. श्रमसाधनेचा दारा वेगळा आणि कुराण शिकवणारा दारा वेगळा. पहिल्यात अक्षरओळख फारशी होत नसे. शिस्त, सहवास आणि मेहनत हेच तिथले शिक्षण मानले जाई. दहा वर्षे राबून निघालेला तरुण उत्तम शेतकरी आणि निष्ठावान शिष्य झालेला असे, पण अनेकदा त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नसे. दुसऱ्या प्रकारच्या दाऱ्यात मुले लाकडी पाटीवर शिकत. काजळी आणि डिंक पाण्यात खलून केलेल्या शाईने गुरू किंवा मोठा विद्यार्थी पाटीवर आयत, म्हणजे कुराणातले वचन, लिहून देई. ती पाठ झाली की पाटी धुवायची आणि पुढची आयत लिहायची. पहाटे आणि रात्री शेकोटीच्या उजेडात पाठांतर, मधल्या वेळात गुरूच्या शेतावर काम, आणि पावसाळ्याच्या दिवसांत कामच अधिक. ज्यांच्या घरात विद्येची परंपरा होती त्यांची मुले पुढे अरबी व्याकरण आणि फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायदा, शिकत. बाकीच्यांचे शिक्षण पाठांतरापाशी थांबे.

शेतीने शाळा उभी केली हे विधान म्हणून अर्धेच खरे आहे. शेतीने शाळेचे पोट भरले आणि त्याच शेतीने शाळेचा वेळ खाल्ला. ही अडचण पंथातल्याच विचारी माणसांनी ओळखली होती. बाम्बांचे पुत्र शेख मुर्तदा म्बाके यांनी अल अझहर या नावाने शाळांचे जाळे उभारले. तिथे वर्गवार अभ्यासक्रम आहे आणि अरबी व धर्मशिक्षणाबरोबर इतर विषयही शिकवले जातात. तूबात फ्रेंच धर्तीच्या सरकारी शाळांना मात्र दीर्घकाळ थारा मिळाला नाही. अलीकडे, सध्याचे खलिफा, म्हणजे पंथाचे प्रमुख, शेख मुंतखा यांच्या पुढाकाराने तिथे विद्यापीठ उभे राहिले आहे.

आणखी एक गोष्ट दडवून चालणार नाही. दुष्काळाने शेती मोडली तेव्हा अनेक गुरूंनी आपले विद्यार्थी घेऊन शहर गाठले. गावात मुलगा शेतात राबून स्वतःचे अन्न मिळवत होता. शहरात शेत नव्हते, म्हणून त्याच्या हाती भिक्षेचा डबा आला. ह्यूमन राइट्स वॉचच्या 2010 च्या अहवालाने सेनेगलमध्ये किमान 50,000 मुले अशी सक्तीची भीक मागत असल्याचे नोंदवले. हे केवळ मुरीदांपुरते मर्यादित नाही, त्या देशातल्या इतर पंथांचे गुरूही त्यात आहेत. पण शाळा मुलांच्या श्रमावर चालवली की शेत सुटल्यावर काय होते, हे इथे स्पष्ट दिसते. ज्यांना अशी वसाहत उभारायची आहे त्यांनी शाळेचा खर्च मुलांच्या हातांवर कधीही टाकू नये, असे माझे ठाम मत आहे.

बांधावरून

तालीम यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा नेमका मांडला आहे. एक भर घालतो. मोठ्या माणसाने आठवड्यातला एक दिवस सामाईक शेताला देणे आणि आठ वर्षांच्या मुलाने रोज गुरूच्या शेतावर राबणे, या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. पहिलीत गावाचे सामर्थ्य आहे. त्या सामर्थ्याची आठवण ठेवून दुसरीवर पांघरूण घालू नये.

इतिहासवाचक

शेतीतून दवाखाना चालू शकतो का, या प्रश्नाला इस्लामी इतिहासात स्पष्ट होकारार्थी उत्तर आहे आणि ते उत्तर म्हणजे वक्फ, अर्थात धर्मकार्यासाठी कायमची राखून दिलेली मालमत्ता.

ऑटोमन सुलतान दुसरा बायेझिद याने एदिर्ने येथे 1484 ते 1488 या काळात मशीद, रुग्णालय, वैद्यकीय मदरसा आणि अन्नछत्र असे संकुल बांधले. ते चालवण्यासाठी गावांचे आणि इतर मालमत्तांचे उत्पन्न वक्फ करून दिले होते. जेरुसलेममध्ये हुर्रेम सुलतान हिने 1552 मध्ये स्थापलेले अन्नछत्र असेच पॅलेस्टाइनमधल्या गावांच्या शेतसाऱ्यावर चाले. कैरोत सुलतान कलावून याने 1284 मध्ये पूर्ण केलेले रुग्णालयही वक्फवर चालत होते, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेतले जात नसत. या दस्तऐवजांची खुबी अशी की इमारत बांधून माणसे थांबत नसत. वैद्य किती, त्यांचा पगार किती, औषधांचा खर्च किती, हे सगळे लिहून ठेवलेले असे, आणि त्या खर्चाला कायमचे उत्पन्न जोडलेले असे. शेतकरी आणि रुग्ण यांना जोडणारा कायदेशीर धागा तिथे होता.

मुरीदांच्या व्यवस्थेत हा धागा दिसत नाही. शिष्य शेखाला जे देतो त्याला हादिया म्हणतात. ती भेट असते आणि तिचा विनियोग शेखाच्या विवेकावर असतो. शेख उदार असेल तर गाव सुखी राहते, आणि बाम्बांच्या घराण्यात असे उदार पुरुष होऊन गेले हे खरेच आहे. तरीही भेटीतून रुग्णालयाच्या परिचारिकेचा पगार दरमहा निघत नाही.

जकातीविषयीही, म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेल्या दानाविषयीही, लिहायला हवे, कारण अशा वसाहतींचा आराखडा करणारे लोक बहुधा जकातीवर भिस्त ठेवतात. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा आणि विहिरीचे किंवा विकतचे पाणी देऊन पिकवलेल्या धान्याचा विसावा हिस्सा, हा नियम प्रसिद्ध आहे. पाच वस्कांहून, म्हणजे आजच्या मापाने साधारण साडेसहाशे किलोंहून, कमी धान्यावर बहुसंख्य फकीहांच्या (धर्मशास्त्रवेत्त्यांच्या) मते काहीच लागू होत नाही. परंतु जकात कोणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात ठरलेले आहेत, आणि जकातीचा माल गरजूच्या मालकीचा झाला पाहिजे असे अनेक फकीह मानतात. त्यामुळे गरीब रुग्णाच्या उपचाराचा खर्च जकातीतून देता येतो, पण इमारत किंवा वैद्याचा पगार त्यातून काढणे त्यांच्या दृष्टीने बसत नाही. त्यासाठी वक्फच हवा.

वक्फची दुसरी बाजूही लिहितो, म्हणजे चित्र एकांगी होणार नाही. मुतवल्ली, म्हणजे वक्फचा व्यवस्थापक, बेइमान निघाला, जमीन नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या एकाकडेच अडकली किंवा नाण्याची किंमत घसरली की पुष्कळ वक्फ नावापुरते उरले. दस्तऐवज उत्तम असला म्हणजे काम झाले असे नाही; दरवर्षी चारचौघांत हिशोब वाचून दाखवणारी माणसेही लागतात.

पाणाडी

सगळी चर्चा रुग्णालयाभोवती फिरते आहे. आरोग्याचा विचार पाण्यापासून सुरू व्हायला हवा, म्हणून लिहितो.

तूबात पाणी फुकट मिळते. विंधन विहिरी आणि नळ यांची व्यवस्था पंथाच्या पुढाकाराने झाली आहे आणि नागरिकांकडून पाणीपट्टी घेतली जात नाही. घरासाठी जागाही दीर्घकाळ विनामूल्य दिली गेली. यामागची भावना आदर वाटावा अशीच आहे. पण वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने सांडपाण्याची सोय झाली नाही. शोषखड्डे भरले की मैला उपसायचा खर्च ज्याचा त्याने करायचा, पावसाळ्यात सखल वस्त्यांत पाणी तुंबायचे. त्यात सफर महिन्याच्या 18 तारखेला, बाम्बांच्या हद्दपारीची आठवण म्हणून भरणाऱ्या मागाल या मेळ्यासाठी लाखो भाविक येतात, तेव्हा या अपुऱ्या व्यवस्थेवर मोठा ताण पडतो. 2005 मध्ये मागालच्या काळात तूबात पटकीची साथ उसळली आणि परतणाऱ्या भाविकांबरोबर ती देशात इतरत्र पोहोचली. पटकी हा रोग रुग्णालयाने आटोक्यात येत नाही. तो पिण्याच्या पाण्यात मैला मिसळू न देण्याने आटोक्यात येतो.

फुकट पाण्याचा आणखी एक परिणाम होतो. पैसे येत नाहीत, म्हणून पंप बिघडला की दुरुस्तीसाठी पुन्हा दात्याकडे पाहावे लागते. मी असे सुचवेन की छोट्या वसाहतीने पिण्याचे पाणी विनामूल्य ठेवावे, पण शेतीच्या पाण्यावर पट्टी लावून तिचा वेगळा निधी ठेवावा आणि त्या निधीचा पहिला हक्क पंप, गटार आणि शौचालये यांचा असावा. डॉक्टरची वाट पाहत बसण्यापेक्षा गावातल्याच दोन-तीन बायकांना सुईणीचे नीट प्रशिक्षण देणे आणि लसीकरणाच्या दिवशी गाव हजर राहील हे पाहणे, यांनी अधिक जीव वाचतील. इथे धर्मगुरूचा शब्द फार उपयोगी पडतो.

दूरदेशी

पाणाडी यांच्या शेवटच्या वाक्याला एक दाखला जोडतो. मार्च 2020 मध्ये सेनेगलमध्ये करोनाचे पहिले रुग्ण सापडू लागले तेव्हा तूबातही लागण झाली होती, आणि त्या साखळीची सुरुवात इटलीहून परतलेल्या माणसापासून झाली होती. त्याच महिन्यात खलिफा शेख मुंतखा यांनी सरकारला 20 कोटी सीएफए फ्रँकची (सेनेगलच्या चलनात) मदत दिली. धर्मपीठाने सरकारला आरोग्यासाठी पैसे देणे हे चित्र थोडे उलटे आहे, पण त्यातून गावांना मोठा संदेश गेला.

मला मुख्यतः लिहायचे आहे ते परदेशी गेलेल्यांविषयी. 1970 च्या दशकापासून भुईमूग परवडेनासा झाला तसे मुरीद तरुण आधी डाकारच्या सांदागा बाजारात, मग फ्रान्स, इटली, स्पेन आणि न्यूयॉर्कपर्यंत गेले. तिथे त्यांनी दाहिरा नावाची मंडळे उभी केली. आठवड्याला एकत्र जमायचे, बाम्बांची अरबी कवने म्हणायची आणि वर्गणी गोळा करायची. परदेशात कोणी वारला तर मृतदेह गावी पाठवण्याचा खर्चही मंडळ उचलते. मतलाबुल फौझैनी हे अशाच एका दाहिराचे नाव आहे. अलीकडे तूबा का कनाम या संस्थेनेही महिना 1,000 सीएफए फ्रँक एवढी छोटी वर्गणी घेऊन रस्ते, पाण्याचा निचरा आणि आरोग्यसेवा यांची कामे केली आहेत.

बारकाईने पाहिले तर ही जुनीच घडी आहे. शेखाच्या शेतावर बुधवारी राबणारे हात आता रोमच्या किंवा मिलानच्या पदपथावर माल विकतात, आणि त्या कमाईचा एक वाटा गावाकडे येतो. शेत बदलले, पण शिस्त तीच राहिली. म्हणून दवाखाना शेतीने उभा राहिला नाही हे बरोबर असले, तरी तो शेतीने लावलेल्या सवयीने उभा राहिला असे मला वाटते.

मृदगंध

दूरदेशी यांचा मुद्दा पटला. पण त्या शिस्तीचा फटका ज्यांना बसला त्यांची बाजूही या धाग्यात यायला हवी.

1991 मध्ये सरकारने म्बेगे येथील राखीव वनातली 45,000 हेक्टर जमीन तेव्हाचे खलिफा शेख सालिऊ म्बाके यांच्या स्वाधीन केली. खेलकोम नावाने ओळखला जाणारा शेतीचा मोठा प्रकल्प तोच. खलिफांच्या आदेशावर हजारो शिष्य आले आणि थोड्याच अवधीत झाडे तोडली गेली. तिथे दारे उभे राहिले, भुईमूग आणि बाजरी पिकू लागली, आणि निंदणीच्या व काढणीच्या दिवसांत आजही तिथे शिष्यांची प्रचंड गर्दी होते. पंथाच्या दृष्टीने ही श्रमसाधनेची पुनःस्थापना होती. पण ते रान रिकामे नव्हते. फुलानी गुराखी त्यात कळप चारत होते आणि कोरड्या महिन्यांत त्यांची गुरे त्याच झाडांवर तगत होती. त्यांना तिथून हलावे लागले. हे गुराखीही मुसलमानच होते, तेही नमाज पढणारे आणि जकात देणारे.

इस्लामी परंपरेत हिमा नावाची जुनी व्यवस्था आहे. तिच्यात चराईचे रान राखून ठेवायचे आणि ते सर्वांच्या भल्यासाठी वापरायचे असते. अशा परंपरेचा वारसा सांगणाऱ्या वसाहतीने राखीव कुरण मोडून शेत करावे हे मला खुपते. स्वावलंबनाचा हिशोब मांडताना कुंपणाच्या आत किती पिकले एवढेच न पाहता, त्या कुंपणामुळे बाहेर कोणाचे काय गेले हेही मांडले पाहिजे.

नवा_वाचक

आज तिथे गुरे आणि शेती यांचा मेळ घालण्याचे काही उपाय शक्य आहेत का?

मृदगंध

तंत्राच्या दृष्टीने नक्कीच आहेत आणि ते महागडेही नाहीत. काढणीनंतर शेते गुराख्यांना खुली करायची. गुरांना बाजरीचे ताट मिळते, शेताला शेणखत मिळते. ही देवाणघेवाण साहेलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कळपांना पाण्यापर्यंत जाण्यासाठी ठरावीक रुंदीची वाट राखायची आणि तिच्यावर पेरणी करायची नाही. काद झाडाची आपोआप उगवलेली रोपे कोळपताना तोडायची नाहीत, त्यांना खूण बांधून वाढू द्यायचे. भुईमूग एकाच शेतात लागोपाठ न घेता बाजरी आणि चवळीबरोबर बेवड ठेवायचा. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी खलिफांच्या एका शब्दाची गरज आहे. ज्या शब्दावर 45,000 हेक्टर रान मोकळे होऊ शकले, त्या शब्दावर रोपे निश्चितच राखली जाऊ शकतात.

बांधावरून

सर्वांनी मनापासून लिहिले, त्यामुळे माझ्या मूळ प्रश्नाला आता निश्चित रूप आले आहे.

दवाखाना शेतीतून उभा राहिला नाही याची तीन कारणे मला आता दिसतात. जमिनीची झीज उत्पन्नात मोजली गेली, उत्पन्न भेटीच्या रूपाने एका व्यक्तीकडे गेले, आणि खर्चाच्या यादीत मशीद पहिली आली तर आरोग्य शेवटी. पैकी तिसऱ्या कारणासाठी मी त्या लोकांना दोष देणार नाही. हद्दपारीतून परतलेल्या गुरूच्या मशिदीसाठी जीव ओतणे ही त्यांची आंतरिक गरज होती आणि तिच्यामुळेच ती माणसे एकत्र राहिली. पहिल्या दोन कारणांवर मात्र आज उपाय करता येतो.

माझा प्रस्ताव असा आहे. खेलकोमसारख्या मोठ्या सामाईक शेताचा ठरावीक तुकडा रुग्णालयाच्या नावे लेखी वक्फ करावा. त्या तुकड्यावर भुईमूग आलटून पालटूनच घ्यावा, उत्पन्नातून आधी जमिनीच्या खताचा आणि बियाण्याचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या रकमेतून पगार आणि औषधे भागवावीत. यंत्रसामग्री आणि इमारत यांच्यासाठी परदेशातली दाहिरे आहेतच. त्यांची देणगी एकरकमी आणि मोठ्या खर्चाला योग्य असते. दरमहाचा खर्च परदेशातल्या मजुरीवर टाकू नये, कारण तिकडची मंदी आणि तिकडचे कायदे कोणाच्या हातात नसतात. हिशोब मागालच्या आधी जाहीर वाचून दाखवावा, म्हणजे लाखो माणसांना तो कळेल.

इतिहासवाचक यांना माझी विनंती आहे की एदिर्नेच्या संकुलाच्या दस्तऐवजात दुष्काळी वर्षांसाठी काही तरतूद होती का, यावर त्यांनी सवडीने लिहावे. पावसाच्या भरवशावरच्या शेतीला जोडलेल्या वक्फमध्ये सर्वांत कच्चा दुवा तोच राहणार आहे.